कुंकवाखालची किटली

सारंगखेड्याजवळ, निघताना

नाशिकच्या वसतिगृहात माझ्या खोलीतल्या दोघींनी सातपुडा फक्त नकाशात पाहिला आहे. दिवाळीची सुट्टी संपवून परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, कुठे फिरायला गेली होतीस का. मी म्हणाले, मोलगीला. त्यांना वाटलं, एखादं थंड हवेचं ठिकाण असेल. मी सांगायला लागले, पण तोंडाने मला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

खरं तर आम्ही फिरायला गेलोच नव्हतो. बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची जीप नव्या मालकाच्या दारात पोहोचवायची होती.

आमचं गाव तापीच्या काठावर, सारंगखेड्याजवळ. शेती काकांकडे आणि रस्ता बापूंकडे, अशी आमच्या घरातली वाटणी होती. चौदा वर्षं बापूंनी अक्कलकुवा ते वर सातपुड्यातल्या मोलगीपर्यंत प्रवासी जीप चालवली. आठवडाभर ते अक्कलकुव्याला एका खोलीत राहायचे. सुट्टीत मीही जायचे आणि दिवसभर त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून घाट चढायचे, उतरायचे. नंतर त्यांचे गुडघे क्लच दाबताना दुखू लागले. दोन वर्षांपासून जीप फक्त घर ते शेत एवढीच चालत होती.

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी चावी अर्धी फिरवण्याचा मान माझा असे. चावी फिरली की मीटरच्या काचेखाली एक लाल चित्र उजळायचं. ते तेलाच्या डब्याचं चित्र आहे, हे मला फार उशिरा कळलं. मला ती चहाची किटली वाटायची, नळीतून एक थेंब पडणारी. बापू म्हणायचे, आता मोज. ते पूर्ण चावी फिरवत, इंजिन धडधडायला लागे आणि मी तीन म्हणेपर्यंत किटली विझून जाई. मग आम्ही निघायचो. ती का लागते आणि का विझते हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात तिचं नाव किटलीच राहिलं.

जीप घेणारे खेमाभाऊ मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर राहतात. बाजारच्या दिवशी आमचुराची पोती घेऊन ते वर्षानुवर्षं बापूंच्याच गाडीत बसले. त्यांच्या पाड्यावर एकही गाडी नाही. कोणी आजारी पडलं तर झोळी करून खालच्या रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्यांना जीप त्यासाठी हवी होती. बापूंनी फोनवर सांगितलं होतं की इंजिन एक नंबर आहे, दोन वर्षांत वरून थेंबभर तेल टाकावं लागलेलं नाही. खेमाभाऊ जीप बघायलासुद्धा आले नाहीत. दादा म्हणतात म्हणजे झालं, एवढंच ते बोलले. त्या दिवसापासून बापू घरात जरा ताठ चालत होते, असं आई म्हणाली.

शहादा, तळोदा, अक्कलकुवा

पहाटे निघालो. आईने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून दिला. जीपच्या चाकांवर, बॉनेटवर, स्टिअरिंगवर आणि मीटरच्या काचेवर तिने दसऱ्याला लावलेली कुंकवाची बोटं अजून तशीच होती. आमच्याकडे गाडीला लावलेलं कुंकू कोणी पुसत नाही. पुढच्या दसऱ्यापर्यंत ते आपोआप जाईल तेवढं जाऊ द्यायचं. यंदाचा दसरा जीपचा आमच्या घरातला शेवटचा होता, म्हणून आईने कुंकू जरा जास्तच घट्ट कालवलं होतं.

शहाद्यापासून तळोद्यापर्यंत दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. नाशिकला मी सांगते की आमच्याकडे पपईचीसुद्धा शेतं असतात, तेव्हा मुलींना पपई परसात एखादीच असते असं वाटतं. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला महिना होता, तरी एका टेम्पोतून दोन पांढरे घोडे चाललेले दिसले. बापू प्रत्येक फाट्यावर काहीतरी दाखवत होते. इथे टायर फुटला होता. या झाडाखाली एका बाईला गाडीतच मुलगी झाली, ती आता आठवीत असेल. उजवीकडे सातपुडा आधी निळा होता, मग राखाडी झाला आणि तळोद्याच्या पुढे त्याच्यावरची झाडं वेगवेगळी दिसू लागली. लहानपणी मी ओळखायचे ती वळणं अजून तिथेच होती, फक्त रस्ता रुंद झाला आहे.

अक्कलकुव्याच्या चौकात गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. आमच्या शेजारी एक उंच ट्रक येऊन थांबला आणि आमच्या जीपमध्ये सावली पडली. त्या सावलीत मला मीटरच्या काचेवरचं कुंकवाचं बोट चमकताना दिसलं.

कुंकू वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून लाल उजेड येत होता. मी वाकून पाहिलं. ट्रक पुढे गेला, बापूंनी गाडी रेटली आणि उजेड गेला. मला वाटलं, भास असेल. पुढे भाजीवाल्यांच्या गर्दीत गाडी पुन्हा हळू झाली आणि बोट पुन्हा पेटलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. बापू ज्या रस्त्यावर चौदा वर्षं चालले त्या रस्त्यावर मी त्यांना गाडीबद्दल काही सांगायचं, हे मला जमत नव्हतं. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे सुट्टीत मी काही बोलले की काका म्हणतात, आली मॅडम. मोलगीच्या रस्त्याचे काही किलोमीटर मी नुसती त्या बोटाकडे बघत राहिले. गाडी पळत असताना ते अंधारं होतं. एका गतिरोधकावर पुन्हा पेटलं. देवगोईचा घाट समोर दिसायला लागला तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी ओढणीच्या टोकाने काचेवरचं कुंकू पुसलं.

बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आईच्या कपाळावरचंच कुंकू पुसलं होतं.

"बापू, किटली लागनी," मी म्हणाले.

घाटाखाली

बापूंनी गाडी बाजूला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. किटली स्वच्छ लाल दिसत होती. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, ती विझली. सोडला, ती लागली. मी म्हणाले, आधी बंद करा. त्यांनी चावी फिरवली आणि विचारलं की कधीपासून दिसत होती. मी म्हणाले, अक्कलकुव्याच्या चौकापासून.

"मंग तठेच का नही बोलनी?"

ते उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

मोहाचं एक मोठं झाड होतं, त्याखाली दोन बाया सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक बापूंना ओळखत होती. तिने न विचारता दोन सीताफळं माझ्या हातात ठेवली आणि इंजिनाकडे बोट करून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, त्यावर दुसरी हसली. बापूंनी मला अर्थ सांगितला नाही.

तेल खाली उतरायला थोडा वेळ दिला. मग बापूंनी तेलाची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली आणि माझ्या हातात दिली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"देख. मन्ही गाडी तेल खातच नही."

तेल भरपूर आहे, म्हणजे इंजिनात खोट नाही, तेलाचा दाब पडला की दिवा लावणारा स्विचच गेला असेल, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी इंजिनाच्या कुशीत हात घालून स्विचची वायर काढली आणि मला चावी फिरवायला सांगितली. किटली लागली नाही. म्हणजे वायर कुठे घासून लोखंडाला टेकलेली नाही, हे तर कळलं. पण वायर परत लावायच्या ऐवजी बापू तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळू लागले. या रस्त्यावरचे बरेच जण असंच करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दिवा दिसला नाही की काळजी मिटते आणि गाडी घाट चढते.

मी अजून तेलाची पट्टी हातात धरून उभी होते. तिच्यावरचं तेल माझ्या बोटांवरून पाण्यासारखं मनगटापर्यंत ओघळलं. वास घेतला, पण त्यावरून मला काही कळलं नाही. आणि मला एक साधी गोष्ट खटकली. गाडी तेल खात नसेल, तर ते तेवढंच राहायला हवं.

"बापू, वरतून टाकं नही, मंग तेल वाढनं कसं?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी पट्टी घेतली आणि खूण पुन्हा पाहिली. दोन वर्षं ते पट्टी बघत होते आणि खुश होत होते. तेल कमी झालंय का एवढंच ते शोधत होते.

माझ्या पिशवीत प्रॅक्टिकलची वही होती. कॉलेजात आम्ही कागदावर थेंब टाकून तो कसा पसरतो ते बघतो, आणि त्यावरून त्यात काय काय मिसळलंय ते ओळखतो. इंजिनाचं मला काही कळत नव्हतं, पण कागदावरचा थेंब कळत होता. सीटमागे बापूंनी जपून ठेवलेला नव्या तेलाचा सीलबंद डबा होता. तो फोडून एक थेंब मी वहीच्या पानावर टाकला. शेजारी पट्टीवरचा थेंब. नवं तेल होतं तिथेच गोल बसून राहिलं. इंजिनातल्या तेलाचा मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, ओलं वर्तुळ लांबवर पसरत गेलं.

बापू म्हणाले, जुनं तेल असंच दिसत असेल. तेही बरोबर होतं. तुलना करायला आणखी एक थेंब हवा, असं मी पुटपुटले. बापू उठले, एक लांब काडी मोडून घेतली, डिझेलच्या टाकीत बुडवली आणि वहीशी आले. तिसरा थेंब त्यांनी स्वतः टाकला. त्याचं वर्तुळ अगदी तसंच फिकट आणि तसंच पसरणारं निघालं.

आम्ही दोघं वहीकडे बघत बसलो. तेलात डिझेल उतरत होतं. त्यामुळे ते वाढत होतं आणि पातळ होत होतं. घर ते शेत एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापतच नसे, म्हणून कधी कळलं नाही. आज सत्तरेक किलोमीटर पळून ते तापलं आणि तेलात दाब धरायला जीव राहिला नाही.

"घाट चढतीस ना, तं अर्ध्यात बसतीस," बापू हळूच म्हणाले, जीपकडे बघत. मला वाटलं, त्यांना गाडीचं वाईट वाटतंय. पण ते म्हणाले, खेमाले काय सांगू.

तिथे फोन लागत नव्हता. डोंगरात निरोप पाठवायचा तो जाणाऱ्या गाडीबरोबर. एक भरलेली जीप आली, तिचा ड्रायव्हर बापूंच्या जुन्या ओळखीचा. त्याने ब्रेक मारून मान बाहेर काढली आणि विचारलं, काका, तुमची गाडी बंद पडली की तुम्ही? टपावर बसलेल्यांपर्यंत सगळे हसले. बापूंनीही हसून घेतलं आणि खेमाभाऊंना खाली यायला सांग म्हणाले.

उन्हं कलायच्या आत खेमाभाऊ दुसऱ्या एका जीपला मागे लटकून आले. पाहुण्यांसाठी शिजवलेलं जेवण त्यांनी सोबत आणलं होतं. सागाच्या पानांत भगर, उडदाची घट्ट डाळ आणि मक्याच्या जाड भाकरी. आमच्याकडे भगर फक्त उपासाला करतात. खेमाभाऊंकडे तो रोजचा भात आहे. उपासाला तुम्ही पोटभर जेवता मग, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मला हसू आलं. आईच्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला आणि ठेच्याने डोळ्यांत पाणी आल्यावर मान हलवून अजून मागितला.

जेवून हात धुतल्यावर बापू त्यांच्यासमोर बसले. त्यांनी वही मागून घेतली आणि तिन्ही डाग दाखवले.

"खेमा, मी तुले सांगेल व्हतं, इंजिन एक नंबर शे. ते खोटं निंघनं. तुले नको व्हई तं मी गाडी परत लई जास."

खेमाभाऊंनी वही उलटसुलट करून पाहिली. घरी ते भिली बोलतात, आमच्याशी आश्रमशाळेतलं मराठी. ते म्हणाले, "दादा, आमच्या पाड्यात कोणी खायचं सोडलं तर त्याला दवाखान्यात नेतात. तुमच्या गाडीने दोन वर्षं खाल्लं नाही आणि तुम्ही तिचं कौतुक करत बसलात."

बापू आधी ओशाळले. मग इतके हसले की सीताफळवाल्या बायाही काही न कळता हसायला लागल्या.

"गाडी नको म्हणायला मी आलो नाही," खेमाभाऊ म्हणाले. "मिस्त्रीकडे चला."

अक्कलकुवा, दुसरा दिवस

आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरला दोर बांधून जीप अक्कलकुव्यात आणली. बंद जीपचं स्टिअरिंग धरून बसलेले बापू मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांचा पाय सवयीने क्लचवर जात होता.

मिस्त्री वयस्कर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलंच नाही. पट्टी नाकाशी नेली आणि बापूंना म्हणाले, तू इतकी वर्षं काय हुंगत होतास? त्यांनी एका जुन्या पायमोज्यातून तेलाचा दाब मोजणारा काटा काढला, स्विच खोलून त्या जागी बसवला आणि इंजिन सुरू केलं. थंड असताना काटा बरा उभा राहिला. गाडी तापत गेली तसा तो खाली खाली आला आणि मंद चालीवर जवळपास शून्याला टेकला. उस्तादांनी लगेच इंजिन बंद केलं. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपातला पडदा फाटला होता आणि तिथून डिझेल तेलात झिरपत होतं. पंप बदलला, सगळं तेल सोडून दिलं, फिल्टर नवा घातला. खाली सोडलेलं तेल परातीत पाण्यासारखं डचमळत होतं. मी त्याकडे बघत असताना उस्ताद पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. बेअरिंग वाचलंय, म्हणाले, अजून घासायला लागलेलं नव्हतं. मग बापूंना विचारलं, कोणी थांबवली गाडी?

बापू म्हणाले, पोरीने. आणि रोज शेतावर निघतात तसे सहज उठून चहा सांगायला गेले.

नवं तेल भरून पुन्हा काटा लावला. या वेळी इंजिन तापल्यावरही तो जागेवर राहिला. उस्तादांनी हात पुसला, स्विच परत बसवला आणि बापूंनी गुंडाळलेली चिकटपट्टी नखाने सोलून काढून वायर जोडली.

वर

तिसऱ्या दिवशी सकाळी घाट चढलो. प्रत्येक वळणाआधी बापू हॉर्न देत होते, तसाच, दोन छोटे आणि एक लांब. खाली दरीत भुऱ्या गवतातून गुरं चालली होती. एका वळणावर लहानपणी मी उलटी करायचे, तिथे बापूंनी गाडी हळू केली. मी मोठी झाल्याचं ते विसरले होते की मुद्दाम केलं, मी विचारलं नाही. सगळ्या घाटभर मी डोंगर कमी आणि मीटर जास्त पाहिलं. किटली अंधारी होती.

पाड्यावर घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येकाचं आपल्या शेताच्या मध्ये. आमच्या गावात भिंतीला भिंत असते, इथे शेजाऱ्याला हाक मारायची तर टेकडी ओलांडून मारतात. तरी आम्ही पोहोचेपर्यंत सगळे जमले होते. खेमाभाऊंची आई ताटलीत तांदूळ आणि कुंकू घेऊन आली. ती फार म्हातारी, वाकलेली. तिने चाकांवर तांदूळ टाकले, बॉनेटवर बोट ओढलं, मग हात खिडकीतून आत घालून मीटरच्या काचेकडे नेला.

बापूंनी तिचं मनगट अलगद धरलं.

"तठे नको, माय. तेवढी जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

तिला शब्द कळले की नाही, माहीत नाही. बापूंनी तिचा हात स्टिअरिंगवर नेला, तिथे तिने बोट उठवलं आणि समाधानाने मागे सरकली.

मग बापूंनी खेमाभाऊंना दारापाशी बोलावून समजावलं. चावी फिरवली की ही लागली पाहिजे, न लागली तर दिवाच गेला समज. इंजिन चालू झालं की विझली पाहिजे, न विझली तर तिथेच बंद कर, घरी नेऊन बघतो म्हणू नको. वायर काढू नको. पट्टीवर तेल कमी दिसलं तरी बघ, वाढलेलं दिसलं तरी बघ. खेमाभाऊ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. बापूंचा आवाज वर्गात धडा म्हणणाऱ्या मुलासारखा झाला होता.

चावी घ्यायला खेमाभाऊंनी हात पुढे केला, तेव्हा बापू म्हणाले, "आते एकदा तिले फिरवू दे."

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. चावी अर्धी फिरवली. काच स्वच्छ होती आणि किटली उजळली, पूर्वीसारखीच, नळीतून एक थेंब पडणारी. खिडकीबाहेर बापू वाकून तिच्याकडेच बघत होते. मी चावी पूर्ण फिरवली आणि मोजायला लागले.

दोन म्हणायच्या आत ती विझली. मी उतरले आणि खेमाभाऊ माझ्या जागी बसले.